परधाड्याला न पोहोचलेला निरोप : रेल्वे बोर्डाला खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष आणि सदस्य,
रेल्वे बोर्ड, नवी दिल्ली

विषय : जळगाव–मनमाड मार्गावर गाड्यांची टक्कर टाळणारी 'कवच' यंत्रणा, आणि ती येईपर्यंतचे दिवस

महोदय,

मी पाचोऱ्याचा. शाळेत विज्ञान शिकवतो आणि गेली एकोणीस वर्षं पाचोरा–जळगाव अपडाऊन करतो. पाचोरा सुटलं की परधाडे, माहेजी, म्हसावद, शिरसोली आणि मग जळगाव. ही नावं आम्हा पासवाल्यांना पाढ्यासारखी पाठ आहेत. परधाडे आलं म्हणजे डबा उघडायचा की अजून थांबायचं, शिरसोली आलं म्हणजे पिशवी खांद्याला, असा आमचा हिशेब.

बाहेरच्या जगाला यातलं परधाडे हे नाव कळलं २२ जानेवारी २०२५ ला. लखनौहून मुंबईला निघालेली पुष्पक एक्सप्रेस माहेजी आणि परधाड्याच्या दरम्यान थांबली. जनरल डब्यात आग लागल्याची बोंब उठली, कुणीतरी साखळी ओढली, माणसं भराभर खाली उतरली आणि शेजारच्या रुळावर उभी राहिली. त्याच रुळावरून समोरून बेंगळुरूहून दिल्लीला जाणारी कर्नाटक एक्सप्रेस आली. किमान १२ माणसं गेली. त्यात नेपाळहून पोट भरायला निघालेलेही होते. आग नव्हतीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमची गाडी तिथून गेली तेव्हा डब्यात कुणी पत्ते काढले नाहीत. एरवी परधाड्यापर्यंत दोन डाव होतात.

हे पत्र त्या दिवसाबद्दल कुणाला जाब विचारायला लिहिलेलं नाही. पुष्पकच्या ड्रायव्हरने नियमाप्रमाणे फ्लॅशर लाइट, म्हणजे धोक्याचा लुकलुकणारा दिवा, लावला होता, तो दिसताच कर्नाटकच्या ड्रायव्हरने ब्रेक लावला, पण वळणामुळे समोरचं उशिरा दिसलं आणि अंतर पुरलं नाही, असं तेव्हा रेल्वेकडून सांगण्यात आलं. मला ते पटतं. ताशी शंभराच्या पुढे पळणारी गाडी इमर्जन्सी ब्रेक लावूनही साधारण किलोमीटरभर जातेच. तिथे ड्रायव्हरच्या हातात काही उरत नाही. पण मग प्रश्न आणखी अवघड होतो. सगळ्यांनी नियमाप्रमाणे केलं आणि तरी माणसं मेली, तर नियमात कुठेतरी भोक आहे.

ते भोक मला असं दिसतं. त्या दुपारी दोन निरोप निघाले. एक 'आग लागली' हा. तो खोटा होता, तरी डब्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत क्षणात पोहोचला. दुसरा 'इथे गाडी उभी आहे, माणसं रुळावर आहेत' हा. तो खरा होता, आणि समोरून येणाऱ्या इंजिनापर्यंत वेळेत पोहोचला नाही. मी जे मागणार आहे ते सगळं या दुसऱ्या निरोपाबद्दल आहे.

असा निरोप द्यायची जुनी पद्धत आपल्याला माझ्यापेक्षा चांगली माहीत आहे. गाडी मध्येच अडकली आणि शेजारच्या लाइनला धोका आहे असं वाटलं, तर आधी फ्लॅशर लावायचा. मग लाल झेंडी आणि डिटोनेटर, ज्याला गँगमन मंडळी पटाखे म्हणतात, ते घेऊन माणसाने चालत जायचं. ६०० मीटरवर एक पटाखा रुळावर ठेवायचा, १२०० मीटरवर दहा-दहा मीटरच्या अंतराने तीन. गाडीचं चाक त्यावरून गेलं की बार होतो आणि ड्रायव्हर समजतो. इंग्रजांच्या काळापासून चालत आलेली पद्धत आहे, आणि तिने पुष्कळ जीव वाचवले असतील. पण आमच्या भागातल्या खडीवरून कुणी १२०० मीटर चालून दाखवावं. धावत गेलात तरी सात-आठ मिनिटं, आणि धावणारा माणूस पहिल्या दोनशे मीटरमध्येच एकदा तरी ठेचकाळतो. तेवढ्या वेळात ताशी ११० ने येणारी गाडी बारा-चौदा किलोमीटर पुढे आलेली असते.

आता 'कवच'. या यंत्रणेबद्दल वर्गात शिकवताना मी मुलांना सोपं करून सांगतो. रुळाच्या स्लीपरवर ठरावीक अंतराने आरएफआयडी टॅग, म्हणजे रेडिओने आपली ओळख सांगणारे तुकडे, बसवलेले असतात, इंजिन त्यावरून गेलं की आपण नेमके कुठे आहोत हे त्याला कळतं. स्टेशनावर एक संच, इंजिनात एक संच, मध्ये रेडिओचे मनोरे आणि ऑप्टिकल फायबर. पुढचा सिग्नल लाल आहे की पिवळा, हे धुक्यातही ड्रायव्हरला केबिनमधल्या पडद्यावर दिसतं. लाल असताना तो थांबेना, किंवा वेग मर्यादेबाहेर गेला, तर यंत्रणा आधी ओरडते आणि मग स्वतः ब्रेक लावते. फाटक जवळ आलं की हॉर्नसुद्धा आपोआप. ४ मार्च २०२२ ला सिकंदराबादजवळ रेल्वेमंत्री अश्विनी वैष्णव स्वतः इंजिनात बसले होते आणि समोरच्या इंजिनापासून ३८० मीटरवर गाडी आपोआप थांबली, हे सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं.

हे सांगून झाल्यावर आठवीतल्या एका पोराने हात वर केला. म्हणाला, "सर, मग रुळावर माणूस उभा असला तर ते कवचला दिसतो का?"

नाही दिसत. मी त्याला खरं ते सांगितलं. कवच गाडीला ओळखतं, सिग्नलला ओळखतं. माणसाला, म्हशीला किंवा तडकलेल्या रुळाला ओळखत नाही. थंडीत रूळ तडकतो तेव्हा तो शोधायला रात्री अजूनही पेट्रोलमनच कंदील घेऊन फिरतो. पोरगं खाली बसलं. मला मात्र रात्रभर ते उत्तर टोचत राहिलं, कारण ते अर्धंच होतं.

राहिलेलं अर्धं असं. कवचमध्ये एसओएस आहे. ड्रायव्हरने बटण दाबलं की परिसरातल्या कवच असलेल्या इतर इंजिनांना रेडिओवरून धोक्याचा संदेश जातो आणि तिथे ब्रेक लागतो. स्टेशन मास्तरही असा संदेश देऊ शकतो. समोरच्या ड्रायव्हरने वळणावरून काही पाहायची गरज उरत नाही, कुणाला खडीवरून धावत जायची गरज उरत नाही. म्हणजे यंत्रणेला रुळावरचा माणूस दिसत नसला तरी ज्याला तो दिसतो आहे त्याचा निरोप ती पोहोचवू शकते. परधाड्याला हे असतं तर काय झालं असतं, याचं ठाम उत्तर कुणीच देऊ नये. गाडी थांबल्यापासून बटण दाबेपर्यंत किती वेळ जातो यावर सगळं अवलंबून. पण निदान निरोप निघाला तरी असता.

म्हणून माझं पहिलं मागणं हे आहे की कवचची जाहिरात करताना फक्त टक्कर टाळणारी यंत्रणा म्हणून करू नका. मी आजवर पाहिलेल्या प्रत्येक बातमीत दोन इंजिनं समोरासमोर येतात आणि थांबतात. दिसायला छान. आमच्यासाठी मात्र त्या एसओएसच्या बटणाची किंमत जास्त आहे, आणि ते बटण तेवढंच उपयोगी जेवढा ते दाबणाऱ्याचा सराव. भुसावळला रेल्वेची क्षेत्रीय प्रशिक्षण संस्था आहे, तिथे कर्मचारी शिकायला येतात. 'गाडी मध्येच थांबली आणि लोक खाली उतरले' हा प्रसंग तिथे सरावाचा विषय व्हावा, आणि साखळी ओढली गेली की शेजारची लाइन आधी थांबवायची, कारण नंतर शोधायचं, ही सवय हाताला लागावी. दहा वेळा गाड्या उगाच थांबतील. थांबू द्या. वक्तशीरपणाचा आकडा थोडा घसरला तर आम्ही पासवाले कुरकुर करू, पण ती कुरकुर सोसण्यासारखी आहे.

कवचच्या मर्यादांबद्दल आपणच मोकळेपणाने बोललात तर बरं होईल. २ जून २०२३ ला बालासोरजवळ बहानगा बाजारला सिग्नलच्या जोडणीतच चूक होती. मेन लाइनचा सिग्नल मिळालेली कोरोमंडल एक्सप्रेस लूपला, म्हणजे बाजूच्या लाइनला, गेली आणि उभ्या मालगाडीवर आदळली. २९० हून अधिक माणसं गेली. कवच आपली माहिती त्याच सिग्नल यंत्रणेकडून घेतं. मूळ माहितीच खोटी असेल तर त्यावर बसवलेलं कवच काय करणार? उलट १७ जून २०२४ ला पश्चिम बंगालमधल्या रंगापानीजवळ सिग्नल बिघडलेले असताना मालगाडी कांचनजंगा एक्सप्रेसला मागून धडकली, आणि तपासात कवचची शिफारस झाली, ती योग्यच होती. प्रत्येक अपघातानंतर 'कवच असतं तर' असं म्हणणारे आणि 'कवच असूनही काही झालं नसतं' असं म्हणणारे, दोघेही घाईत असतात. आपण तरी घाई करू नका. अपघातागणिक वेगळं उत्तर द्या.

आता वेळेचा हिशेब, कारण इथे मला थोडं कडू बोलावं लागणार आहे. २ ऑगस्ट १९९९ ला पश्चिम बंगालमधल्या गैसलला दोन गाड्या समोरासमोर धडकल्या. त्यानंतर कोकण रेल्वेने बी. राजाराम यांच्या पुढाकाराने टक्करविरोधी यंत्र तयार केलं; त्याचं नावही गंमत म्हणजे 'रक्षाकवच'च होतं. ते देशभर गेलं नाही. मग २०१२ च्या फेब्रुवारीत डॉ. अनिल काकोडकर यांच्या समितीने अहवाल दिला. १९,००० किलोमीटरच्या मुख्य मार्गांवर पाच वर्षांत आधुनिक सिग्नल आणि गाडी नियंत्रणाची यंत्रणा बसवा, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. स्वतंत्र, कायद्याने उभं केलेलं सुरक्षा प्राधिकरण असावं, असंही होतं. पाच वर्षं म्हणजे २०१७. त्याआधी वर्षभर, २०१६ च्या फेब्रुवारीत, आजच्या कवचच्या प्रवासी गाड्यांवरच्या चाचण्या नुकत्या सुरू झाल्या होत्या. २०२० मध्ये ही राष्ट्रीय यंत्रणा ठरली. दक्षिण मध्य रेल्वेवर १,४६५ किलोमीटर झाले. जुलै २०२४ मध्ये ४.० ही सुधारित आवृत्ती मंजूर झाली, आणि ३० जुलै २०२५ ला मथुरा–कोटा हा ३२४ किलोमीटरचा पट्टा सुरू झाला. देशाचं जाळं आहे ६८–६९ हजार किलोमीटरचं.

मी मास्तर आहे. मुलाने एवढ्या वर्षांत एवढाच गृहपाठ केला असता तर मी पालकांना बोलावलं असतं. पण न्याय म्हणून हेही सांगतो की काम अवघड आहे. बाहेरून आणलेली यंत्रणा महाग पडली असती, ही देशात घडवलेली आहे, आणि घाईत बसवलेली सुरक्षा यंत्रणा ही नसलेल्या यंत्रणेपेक्षा जास्त धोक्याची. चौथ्या आवृत्तीपर्यंत थांबलात याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती आमच्या पट्ट्याचा क्रम कधी, हे आम्हाला कुणी सांगत नाही याची.

पैशाचा प्रश्न असेल तर एक ढोबळ हिशेब मांडतो, चुकलो तर दुरुस्त करा. आपणच दिलेल्या आकड्यांनुसार कवचचा रुळालगतचा आणि स्टेशनांचा खर्च किलोमीटरला सुमारे ५० लाख, आणि एका इंजिनाला सुमारे ८० लाख. जळगाव ते मनमाड १६० किलोमीटर. म्हणजे रुळालगतचे ८० कोटी. याच १६० किलोमीटरच्या चौथ्या लाइनला नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली, तिची किंमत सुमारे २,७७३ कोटी. ऐंशी कोटी म्हणजे त्याच्या तीन टक्क्यांच्याही आत. दोन कामांची तुलना अशी सरळ होत नाही हे मला कळतं, इंजिनांचा खर्च वेगळा आहेच. तरी चौथी लाइन होईल तेव्हा आमच्या दारावरून आजच्यापेक्षा जास्त गाड्या, जास्त वेगाने जातील. आज डब्यातून उतरलेला माणूस शेजारच्या जेवढ्या रुळांना घाबरतो, उद्या त्याहून जास्त रुळांना घाबरावं लागेल. नव्या लाइनची खडी पडेल त्याच हंगामात कवचचे मनोरेही उभे राहिलेले दिसावेत. नंतर पुन्हा ब्लॉक घेऊन, म्हणजे गाड्या थांबवून, पुन्हा खोदून नको.

आणखी एक गोष्ट दिल्लीतून चटकन लक्षात येत नाही. खान्देशात दोन रेल्वे नांदतात. भुसावळ–जळगाव–पाचोरा–चाळीसगाव आणि चाळीसगावहून धुळ्याला जाणारा फाटा, हे मध्य रेल्वेचं. जळगावहून धरणगाव, अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार करत उधन्याला जाणारी लाइन पश्चिम रेल्वेची. आमच्या लेखी हे एकच घर आहे. अमळनेरची मुलगी पाचोऱ्याला दिलेली असते आणि दिवाळीला दोन्ही रेल्वेंतून प्रवास करून माहेरी जाते. एका रेल्वेवर कवच आलं आणि दुसऱ्या रेल्वेचं इंजिन त्याशिवाय जळगावला येऊन मिळालं, तर त्या इंजिनाला निरोप कोण देणार? रावेर-सावद्याहून केळी भरून दिल्लीकडे जाणाऱ्या मालगाड्या, दीपनगरच्या वीज केंद्राला कोळसा आणणाऱ्या मालगाड्या, यांची इंजिनं तर कुठून कुठून आलेली असतात. रूळ सज्ज झाला एवढ्यावर फित कापू नका. त्या रुळावरून जाणाऱ्या शंभर इंजिनांपैकी किती सज्ज, तोही आकडा सांगा.

आणि आता आमच्याबद्दल. कारण सगळा दोष रुळाच्या पलीकडे टाकून पत्र संपवलं तर ते खोटं ठरेल.

मी स्वतः कित्येक वर्षं एका स्टेशनावर चुकीच्या बाजूने उतरत होतो. पूल लांब, घर त्या बाजूला, पाच मिनिटं वाचायची. परधाड्याच्या आधीची एक संध्याकाळ तर मला लख्ख आठवते. आमची गाडी दोन स्टेशनांच्या मध्ये उभी होती. अर्धा डबा खाली उतरला. कुणी बिडी पेटवली, एका बाईने लेकराला शेजारच्या रुळाजवळ बसवलं. दारातून कुणी तरी विचारलं, "काय व्हयनं रे भो?" आणि उत्तर द्यायला कुणीच नव्हतं. मग हॉर्न ऐकू आला. मालगाडी होती, हळू होती, म्हणून हसत-खिदळत सगळे बाजूला झाले. मीही हसलो होतो. आम्ही हसलो ते आमच्या नशिबावर, हे कळायला मला जानेवारी २०२५ उजाडावा लागला.

त्या संध्याकाळी डब्यात एक भोंगा असता आणि त्यातून 'गाडी सिग्नलसाठी थांबली आहे, खाली उतरू नका' एवढी दोन वाक्यं आली असती तर निम्मे लोक बसून राहिले असते. मेट्रोत हे होतं, वंदे भारतमध्ये होतं. मी ज्या जनरल डब्यांतून फिरलो त्यांत मला असा भोंगा दिसलेला नाही. आणि गर्दी तिथेच असते, अफवाही तिथेच पिकते. या डब्यांत साखळी आहे, म्हणजे प्रवाशाने रेल्वेला निरोप द्यायची सोय आहे; रेल्वेने प्रवाशाला उलट निरोप द्यायची सोय मात्र नाही. कवचला वर्षं लागतील, भोंग्याला लागू नयेत. तोवर दाराजवळ मराठी, हिंदी आणि नेपाळीत सुद्धा एक पाटी लावा : धूर दिसला तर शेजारच्या डब्यात जा, उतरावंच लागलं तर ज्या बाजूला दुसरा रूळ नाही त्या बाजूला उतरा आणि रुळापासून दूर जा. आजच्या पाट्या 'विनाकारण साखळी ओढल्यास दंड' एवढंच सांगतात. कारण असलं तर पुढे काय करायचं, ते कुठेच लिहिलेलं नाही.

शाळांचं मी बघतो. आमच्या तालुक्यात रुळालगतची गावं पुष्कळ आहेत, आणि पोरं रूळ ओलांडूनच शाळेत येतात. रेल्वेचा एखादा ट्रॅकमन किंवा ड्रायव्हर वर्षातून एकदा शाळेत यावा, एवढी परवानगी द्या. एक पटाखा कसा असतो ते दाखवावं, गाडीला थांबायला किती अंतर लागतं ते मैदानावर चालून दाखवावं. किलोमीटरभर चालल्यावर पोरांना जे कळेल ते माझ्या फळ्यावर कळत नाही.

या पत्राला उत्तर म्हणून छापील पावती नको. पाचोरा स्टेशनात आरक्षण खिडकीजवळ एक काचेचा फलक आहे, त्यावर रद्द गाड्यांच्या जुन्या सूचना लागलेल्या असतात. तिथे एक कागद लावा. भुसावळ–मनमाड मार्गावर कवचचं काम कोणत्या स्टेशनापर्यंत आलं, पुढचं स्टेशन कोणतं, कोणत्या महिन्यात. परधाड्याच्या चौकशीतून जे निघालं ते मराठीत. दर तीन महिन्यांनी कागद बदला. सकाळच्या गाडीआधी आम्ही तिथे दहा मिनिटं उभे असतोच, वाचू.

आपला,
पाचोरा–जळगाव अपडाऊन करणारा एक पासधारक